दुसऱ्या दिवशी परत जायचं

दोन वर्षं मिशनरी होतास म्हणजे नक्की काय करत होतास रे, हा प्रश्न निपाणीत मला अजून विचारतात, स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, सलूनच्या खुर्चीत बसलेलो असताना सुद्धा, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो, की किती जणांना बाटवलंस. मी दरवेळी थोडं सांगतो, तेवढ्यात गाडी लागते नाहीतर वाढपी येतो आणि पुढचं राहून जातं. म्हणून एकदा बसून लिहितोय.

आधी थोडी माहिती, कारण इथं ख्रिश्चन म्हटलं की लोकांना कॅथलिक नाहीतर मेथडिस्ट एवढंच माहीत असतं. आमच्या चर्चचं पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, लोक मॉर्मन म्हणतात, १८३० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सुरू झालं आणि मुख्य ऑफिस सॉल्ट लेक सिटीला. तरुण पोरांनी दोन वर्षं आणि पोरींनी दीड वर्ष मिशनवर जायचं, पगार नाही, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी आणि त्यावर आडनाव, आणि कायम दोघांनी मिळून राहायचं. जो बरोबर असतो त्याला कंपॅनियन म्हणतात, आणि तो आपण निवडायचा नसतो. घरी फोन वर्षातनं दोनदाच असायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी आठवड्याला ईमेल. माझ्या आईला ईमेल म्हणजे काय ठाऊक नव्हतं, बहीण वाचून दाखवायची. २०१९ च्या फेब्रुवारीत नियम बदलला आणि दर आठवड्याला फोन करायची परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्या फोनला आई नुसती जेवलास काय, जेवलास काय एवढंच विचारत राहिली.

मी आयटीआय करून बेंगळूरला पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेलो होतो, तिथल्या विशाखापट्टणमच्या रूममेटमुळं चर्चला गेलो, मनापासून पटलं, बाप्तिस्मा घेतला. घरात काय झालं ते वेगळं लिहिण्यासारखं आहे, आज नको. आजीनं मात्र कधी भांडण काढलं नाही. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्या जेवणाचे पैसे अडलेल्या लोकांसाठी देतात, हे सांगितल्यावर ती म्हणाली होती, मग ही तुमची एकादशीच की, फक्त साबुदाणा नाही. माळकरी बाई होती, तिला एवढं पुरलं.

मिशनमधला बराच काळ हैदराबादला गेला. आम्ही दारं ठोठावत फिरत नव्हतो, कुणी बोलावलं, ओळखीतनं कुणी सांगितलं तर जायचं. तेलुगू मला येत नव्हती, कामापुरती शिकलो. तिथं एक रिक्षावाले अण्णा होते, बायको सरकारी दवाखान्यात, किडनीचं दुखणं, आणि ते व्हरांड्यात फरशीवर झोपायचे. माझा कंपॅनियन माझ्यापेक्षा लहान पण मिशनमध्ये सीनियर. तो त्यांच्याशेजारी बसला, काहीच बोलला नाही, उठताना फक्त म्हणाला उद्या येतो. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. ते अण्णा आमच्याकडे बघतच राहिले, म्हणाले पहिल्या दिवशी सगळे येतात. घरी येताना कंपॅनियन म्हणाला, ज्या दिवशी त्रास कळतो त्या दिवशी गर्दी असते, आपलं काम दुसऱ्या दिवसापासनं सुरू होतं. दोन वर्षांत शंभर गोष्टी शिकवल्या असतील मला, पण सगळ्यात खोल बसलेली ही. बाप्तिस्मा घेताना जे वचन देतो त्यातही हेच आहे, एकमेकांचं ओझं उचलायचं आणि रडणाऱ्याबरोबर रडायचं. मला ते वचन तोपर्यंत नुसतं पाठ होतं.

२०१९ ला परत आलो आणि त्याच ऑगस्टला वेदगंगा नदी रस्त्यावर आली. यमगर्णीजवळ हायवे बंद, मैलभर ट्रक उभे, राजस्थानचे, केरळचे, तमिळनाडूचे ड्रायव्हर. गल्लीतल्या पोरांनी मोठी पातेली लावली होती, मी त्यात गेलो. त्या ड्रायव्हरांशी चार शब्द बोलता आले मला, त्यांच्या मोबाइलवरनं घरी कळवलं वगैरे. त्या दिवसांत निपाणीची माणसं काय आहेत ते दिसलं, त्याबद्दल जास्त सांगायला नको, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. २०२१ च्या जुलैत परत तेच.

पण पूर आला की सगळे धावतात. रोजचं जे बुडणं असतं तिथं कुणी नसतं, आणि मला लिहायचंय ते त्याबद्दल.

मी कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे, रोज कोगनोळीवरनं जातो येतो. ऊसाच्या दिवसात आपल्या भागात बीडकडच्या टोळ्या येतात, बेळगाव जिल्ह्यात वीसाच्या वर कारखाने आहेत, दिवाळीच्या आसपास गाळप चालू झालं की रस्त्याच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या खोपी दिसायला लागतात. नवरा बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं, आणि एक दिवस नाही गेलं तर खाडा धरून पैसे कापतात. एका थंडीत चिकोडी रस्त्याला रात्री गाडीवरनं येताना एक बाई अंगावर लेकरू घेऊन चालताना दिसली, दिवा नाही, माणूस नाही. थांबलो. पहिल्यांदा ती घाबरली, रात्रीचा अनोळखी माणूस, घाबरणारच, मी गाडी लांब उभी केली आणि लांबूनच विचारलं, ताई, लेकराला बरं नाही का. म्हणाली, ताप हाय, दुध वढंना, कुठं जावं तेच कळंना, पाटी वाचता येत नाही इथली. नवरा पहाटे फडात जायचा म्हणून झोपलेला, तिनं उठवलं नव्हतं, खाडा पडला तर तोच वरडंल म्हणून.

मी गावातल्या ओळखीच्या एका काकूंना फोन लावला, त्या आल्या, मग तिघं मिळून दवाखान्यात गेलो. काकूंना बोलावलं ते मिशनच्या सवयीनं, एकट्यानं कुणाकडे जायचं नाही, विशेष करून बाईमाणूस असेल तर. तिथल्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या, बाई बीडचं मराठी बोलणारी, मधे मी. सिस्टर लसीचं कार्ड मागत होत्या, कार्ड गावाकडे पेटीत, आणि कुठल्या लसी झाल्यात ते तिला सांगता येईना. छाती भरली होती, अ‍ॅडमिट करून घेतलं. सिस्टरनी खूप केलं त्या रात्री, स्वतःच्या डब्यातलं जेवण त्या बाईला दिलं, हेही सांगायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी गेलो, दूध आणि एक चादर घेऊन. ती बघून म्हणाली, दादा, तुम्ही परत आलात? मग लेकराचा बाप येऊन बसला होता तो बोलायला लागला, थांबेचना, किती उचल घेतली, बहिणीच्या लग्नात किती गेले, मोठी मुलगी आजीपाशी ठेवलीय आणि ती फोनवर बोलत नाही, रुसते. मी काय करणार होतो त्याचं कर्ज? काही नाही. पण त्याला खाडा नको म्हणून मुकादमाशी बोलणं शक्य होतं, ते केलं, दवाखान्याचा कागद फोटो काढून पाठवला आणि दोन दिवस सोडायला लावले. मुकादम पण बीडचाच, त्याच्याही डोक्यावर कारखान्याचं कर्ज. राग आला होता मला त्याचा, त्याच्या खोपीत बसल्यावर तो राग कुणावर काढायचा तेच समजेना.

लेकरू बरं झालं. टोळी पुढच्या गावाला गेली, मग फोन बंद लागायला लागला. इथं नाव नसलेली माणसं आहेत ही, सहा महिने आपल्यात राहतात, आपली साखर त्यांच्या हातची असते, आणि आपल्याला त्यांच्या एका लेकराचं नाव माहीत नसतं. मला हे फार लागतं.

आता दुसरं. २०२२ चा पावसाळा. सेकंड शिफ्ट करून येत होतो, पुलाच्या कठड्यावर एक पोरगा बसलेला, पाय नदीकडे. वीसबावीसचा, केस बारीक, पायात पळायचे बूट. तसली पोरं आपल्याकडे लांबून ओळखू येतात, पहाटे रस्त्याकडेनं पळणारी, बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे डोळे लावून बसलेली. मी गाडी बाजूला लावली आणि कठड्याजवळ जाऊन उभा राहिलो, एकदम जवळ नाही. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आईचंच तोंडात आलं, जेवलास काय?

तो म्हणाला, न्हाई.

मग खूप वेळ काही नाही. मग त्यानं सांगितलं, तुकड्या तुकड्यानं. मेडिकल, ग्राउंड सगळं तयार, पण कोरोनात दोन वर्षं भरतीच निघाली नाही, आणि मग अग्निपथ आलं, त्या वर्षापुरतं वय तेवीसपर्यंत वाढवलं होतं, ह्याचं तेवीस नुकतंच उलटून गेलेलं. चार वर्षं पळालोय ओ मी, म्हणाला, आता कशाला पळू. बापानं अकॅडमीला भरलेले पैसे, गावात सगळे फौजी म्हणून हाक मारायचे, ती हाक आता नकोशी झालेली. मी त्याला देव आहे, सगळं चांगल्यासाठी होतं वगैरे काही म्हणालो नाही. माझा देवावर पूर्ण विश्वास आहे, त्या रात्री तर मी मनातल्या मनात सारखी प्रार्थना करत होतो, पण पाय नदीकडे सोडून बसलेल्या माणसाला तत्त्वज्ञान ऐकवायचं नसतं. त्याला सरळ विचारलं, उडी मारायला आला होतास काय. असं विचारलं तर माणूस आणखी बिथरेल असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट त्याला कुणीतरी खरं विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. तो रडायला लागला आणि पाय रस्त्याच्या बाजूला घेतले.

हायवेच्या ढाब्यावर जेवलो. त्याच्या भावाला फोन करून बोलावून घेतलं, भाऊ येईपर्यंत हललो नाही. आणि उठताना म्हणालो, उद्या सकाळी येतो घरी. भावाला वाटलं बोलायची पद्धत असेल.

सकाळी गेलो तेव्हा पोरगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्या दिवशी तो काही बोलला नाही माझ्याशी, एक शब्द नाही. त्याच्या आईनं चहा ठेवला. मी चहा घेत नाही, आणि आपल्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे घरालाच नाही म्हणणं, म्हणून मी आधीच सांगतो, मावशी माझं व्रत आहे, ताक असलं तर द्या. ताक आलं. त्यानंतर बरेच दिवस जात राहिलो, कधी पाचच मिनिटं. आठवडाभरानं तो उठून दाराशी आला. त्याला डॉक्टरकडे न्यायला बापाला तयार करायला सगळ्यात जास्त वेळ लागला, वेड्याचा डॉक्टर म्हणजे लग्न व्हायचं नाही ही भीती, पण गोळ्या चालू झाल्या आणि झोप लागायला लागली. हे वाचणारं कुणी तशा रात्रीतनं जात असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. त्या वेळी तो सुरू झाला नव्हता. आता आहे, लावा. आणि घरातलं कुणी असेल तर त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका.

तो पोरगा आता कामाला आहे. सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही, भरतीचे दिवस आले की अजून गप्प होतो. पण मला फोन करतो स्वतःहून.

मधे काही पोरांनी मला अडवलं होतं, दवाखान्यात कशाला फिरतोस, कुठली संस्था, पैसे कोण देतं. मला राग नाही आला. कर्नाटकात २०२२ ला धर्मांतराविरुद्धचा कायदा आला, तेव्हापासनं वातावरण तापलेलं, आणि लोकांनी विचारावं, विचारलंच पाहिजे. मी त्यांना बसवून सांगितलं की पैसे माझ्या पगारातले आहेत, माझ्या गल्लीत काय, ओळखीतसुद्धा दुसरा मॉर्मन नाही, आणि अडलेल्या माणसापुढं मी माझा धर्म काढत नाही. कुणी विचारलं तर लपवत पण नाही. लेकरू आजारी असताना आईच्या हातात पुस्तक देणं मला पाप वाटतं, कारण ती नाही म्हणू शकत नाही त्या वेळी. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो घेऊन देवाला काय करायचंय? त्यातला एक जण नंतर रक्त द्यायला आला होता, माझ्याच फोनवर.

आता सध्या ज्यात गुंतलोय ते. रेशनच्या रांगेत एक मावशी भेटल्या, मशीनवर अंगठा उठत नव्हता. जन्मभर विड्या वळल्या की बोटाच्या रेघा झिजतात, निपाणीत अशा किती बायका आहेत. दुकानदार म्हणाला परत या, त्या म्हणाल्या तिसऱ्यांदा परत आलोय बाबा. मी म्हणालो मावशी उद्या मी येतो बरोबर, डोळ्यावरनं घेणारं मशीन कुठं आहे बघून. ते काम झालं.

ह्या मावशींकडे बसताना मला माझी आजी आठवते. आमच्यात तंबाखू चालत नाही, १८३३ पासनंची शिकवण आहे, आणि त्यामागं असं सांगतात की आमचं चर्च सुरू करणाऱ्या जोसेफ स्मिथच्या घरी वरच्या खोलीत जमणारी पुरुषमंडळी तंबाखू ओढायची, चघळून थुंकायची, आणि ती जमीन घासायला लागायची त्याच्या बायकोला, एम्माला. आजी माझी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती, घरी आली तरी रात्रभर खोकायची, साडी धुतली तरी वास जायचा नाही. तंबाखूचा त्रास मला कुठल्या पुस्तकानं शिकवायला नको. पण त्याच तंबाखूवर आमचं घर उभं राहिलं, हेही तितकंच खरं, आणि विडी वळणाऱ्या बाईला तुमचा धंदा वाईट म्हणून सांगायला जो जाईल त्यानं आधी तिच्या घराचा महिन्याचा हिशोब बघावा.

तर मावशींचा प्रश्न वयाचा आहे. संध्या सुरक्षा पेन्शनला पासष्ट पूर्ण लागतात, महिन्याला १,२०० रुपये मिळतात, आणि आधारवर त्यांचं वय अठ्ठावन्न लागलंय, कुणीतरी अंदाजानं टाकलेलं. शाळा बघितली नाही, जन्माचा दाखला नाही. ऑफिसात सांगितलं कागद आणा. मी विचारलं, मावशी तुम्हाला काय काय आठवतं. म्हणाल्या, १९८१ चं तंबाखूचं आंदोलन, शरद जोशी आलेले, हायवेवर बसलेली माणसं, मग गोळीबार. तेव्हा थोरली पोरगी कडेवर होती, बोलायला लागलेली, आवाजानं माझ्या मानेला मिठी मारून बसली, सोडंना. आता बघा, आधारवरचं वय खरं धरलं तर त्या वेळी मावशी चौदा वर्षांच्या आणि कडेवर दोन वर्षांची पोरगी. हे कुणाला पटेल?

थोरली पोरगी संकेश्वरला दिली आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९७९ आहे, फोनवर वाचून दाखवलं तिनं. तो दाखला, मावशींचं जुनं रेशन कार्ड आणि विडी कामगाराचं ओळखपत्र असं सगळं घेऊन सोमवारी नाडकचेरीत, म्हणजे महसूलच्या ऑफिसात जायचंय, रजा टाकलीय. आईचं वय मुलीच्या दाखल्यावरनं धरतात का, का डॉक्टरचं वयाचं सर्टिफिकेट लागेल, हे निपाणी-चिकोडी भागात कुणी केलं असेल तर मला कळवा, रविवारपर्यंत कळलं तर फार बरं होईल.